मधलं एक वर्ष : करिंथच्या मंडळीचा अडलेला मदतनिधी

नाताळचे दिवस सरले की मंडळीच्या मदत समितीच्या बैठकीत एक ठरावीक शांतता उतरते. डिसेंबरात देणाऱ्यांची नावं लिहायला वहीचं पान पुरत नाही. जानेवारीच्या अखेरीस त्याच वहीत तीन-चार ओळी. ज्या विधवा बाईंना नाताळात मदत पोचली त्यांना फेब्रुवारीतही औषधं लागतात. ज्या मुलाची फी भरली त्याचं पुढचं सत्र ठरल्या वेळी येतंच. मी बरीच वर्षं अशा समितीत बसलो आहे, आणि दरवर्षी आमचं निदान एकच असायचं : लोकांचं मन सणापुरतं मोठं होतं आणि मग आक्रसतं. उपायही एकच. पाळकांना सांगायचं, उदारपणावर एक खणखणीत उपदेश करा.

हे निदान अपुरं आहे, पुष्कळदा चुकीचंही आहे, हे मला एका जुन्या प्रकरणानं शिकवलं. ते इथं सविस्तर मांडतो. मंडळी ग्रीसमधल्या करिंथ शहरातली, काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकातली पन्नाशी. या मंडळीनं दूरच्या गरजू माणसांसाठी मोठ्या हौसेनं निधी सुरू केला, मग तो अडून राहिला, आणि पुढच्या वर्षी पुरा झाला. तो का अडला आणि कसा सुटला याची कागदपत्रं आपल्या हातात आहेत : प्रेषित पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सोळावा अध्याय, दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा, रोमकरांस पत्राचा पंधरावा, आणि प्रेषितांच्या कृत्यांतल्या काही ओळी. करिंथकरांची बाजू त्यांच्या स्वतःच्या शब्दांत उरलेली नाही. ती पौलाच्या उत्तरांवरून ओळखावी लागते, आणि समितीत बसलेल्या माणसाला ती ओळखायला फार वेळ लागत नाही.

आधी एक आठवण ठेवू. तेव्हा नाताळ नव्हता. २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस मानल्याची सर्वांत जुनी पक्की नोंद ३५४ साली रोममध्ये तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात सापडते. त्यातली ती यादी ३३६ च्या सुमाराची मानतात. म्हणजे पहिली जवळजवळ तीन शतकं ख्रिस्ती माणसं गरिबांना देत होती ती या सणाच्या आधाराशिवाय. देण्याला तेव्हा दुसरा कसला तरी आधार होता. तो कसला, हेच या प्रकरणात दिसतं.

गरज कुठं होती

निधी यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी होता. तिथली मंडळी सुरुवातीपासूनच ओढगस्तीत होती. आपलं सगळं सामाईक ठेवणारी, जमिनी विकून गरजवंतांना वाटणारी, विधवांना रोजचं अन्न वाढणारी अशी ती मंडळी, आणि त्या रोजच्या वाढण्यातही तक्रार उठल्यावर सात जणांची नेमणूक करावी लागलेली. पुढं क्लौद्य कैसराच्या काळात, म्हणजे ४१ ते ५४ या वर्षांत, मोठा दुष्काळ पडला. अगब नावाच्या संदेष्ट्यानं तो आधीच सांगितला होता, आणि सीरियातल्या अंत्युखियाच्या शिष्यांनी प्रत्येकानं आपापल्या ऐपतीप्रमाणं मदत काढून बर्णबा आणि शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती यरुशलेमच्या वडिलांकडं पाठवली. या दुष्काळाची साक्ष बाहेरूनही मिळते : आदियाबेनेची राणी हेलेना हिनं यरुशलेमच्या भुकेल्यांसाठी इजिप्तमधून धान्य आणि सायप्रसहून सुके अंजीर आणवले, असं यहुदी इतिहासकार योसेफस लिहितो.

मला इथं महत्त्वाचं वाटतं ते कालांतर. दुष्काळ चाळिशीतला. करिंथकरांचा निधी पन्नाशीच्या मध्यावरचा. दुष्काळाची बातमी शिळी झाली होती, पण गरीब तिथंच होते. संकट आलं की त्याची हाक लांबवर ऐकू जाते. नंतर जी गरिबी मागं उरते तिला आवाज नसतो. यरुशलेमचे खांब समजले जाणारे याकोब, केफा (म्हणजे पेत्र) आणि योहान यांनी पौलाशी हातमिळवणी करताना एकच गोष्ट मागितली होती, की गरिबांची आठवण ठेवा. गलतीकरांना लिहिताना पौल म्हणतो की तेच करायला मी स्वतः उत्सुक होतो. ‘आठवण ठेवा’ हा शब्द मी कितीतरी वेळा वाचून पुढं गेलो होतो. एकदाच मदत करा, असं ते म्हणाले असते तर अंत्युखियाच्या मदतीनं काम झालंच होतं. आठवण ठेवणं एका वेळेत संपत नाही.

पहिली सूचना : आठवड्याचा पहिला दिवस

करिंथ हे जुनं आणि नवं असं दोन्ही शहर होतं. ख्रिस्तपूर्व १४६ मध्ये रोमनांनी ते उद्ध्वस्त केलं आणि ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरनं तिथं पुन्हा वसाहत बसवली. दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या पट्टीवरचं गाव, पश्चिमेला लेखायन आणि पूर्वेला किंख्रिया अशी दोन बंदरं. पैसा फिरत होता, पण सगळ्यांच्या हाती नव्हता. पौल तिथं दीड वर्ष राहिला. डेल्फी इथं सापडलेल्या शिलालेखावरून ज्याच्यासमोर पौलाला तिथं उभं केलं होतं त्या गल्लियोच्या सुभेदारीचा काळ ५१ च्या आसपासचा ठरतो, त्यामुळं या मुक्कामाची वर्षंही बऱ्यापैकी नक्की करता येतात. मंडळीत थोडे सुखवस्तू लोक होते आणि पुष्कळ साधे. प्रभुभोजनाला एक भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो, अशी लाज वाटण्याजोगी दरी तिथं होती. म्हणजे दूरच्या गरिबांना मदत करायला निघालेल्या या मंडळीला शेजारी बसलेला गरीब दिसत नव्हता. यात नवल वाटायला नको. दूरच्याला देणं सोपं असतं. त्याच्याबरोबर एका पंगतीला बसावं लागत नाही.

इफिसहून लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी पौल निधीबद्दल सूचना देतो. गलतियाच्या मंडळ्यांनाही हेच सांगितलंय, असं तो म्हणतो. सूचना एका वाक्याची आहे, पण मी तिच्यावर इतर कशाहीपेक्षा जास्त वेळ घालवला आहे : दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी तुमच्यापैकी प्रत्येकानं आपल्याला जसं यश मिळालं असेल त्या मानानं आपल्याजवळ काही बाजूला काढून साठवून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर वर्गण्या गोळा करायला नकोत.

‘वर्गणी’साठी इथं लोगेया हा ग्रीक शब्द आहे. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवर आणि खापरांवर तो रोजच्या व्यवहारातला, गोळा केलेल्या पैशाचा शब्द म्हणून येतो. पौल इथं अगदी हिशेबी भाषेत बोलतोय. आणि हिशेब कुणासाठी सोपा केलाय ते पाहा. ज्याच्या हातात रोजची मजुरी पडते त्याला वर्षातून एकदा मोठी रक्कम देता येत नाही. ज्याच्याकडं साठा आहे त्यालाच ती जमते. आठवड्याला थोडं बाजूला काढणं मात्र दोघांनाही जमतं, आणि गुलामीत असलेला विश्वासणाराही आपल्या हाती आलेल्या चार नाण्यांतून ते करू शकतो. ‘प्रत्येकानं’ हा शब्द म्हणूनच पोकळ नाही. निधी एकरकमी असता तर तो मंडळीतल्या चार-दोन बड्या घरांचा झाला असता आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. आपल्या नाताळच्या मोठ्या देणगीदारांच्या याद्या आठवून मला हे वाक्य टोचतं.

‘जसं यश मिळालं असेल त्या मानानं’ यात ठरलेली रक्कम नाही. बरा आठवडा गेला तर जास्त, ओढाताणीचा गेला तर कमी, आणि काहीच हाती आलं नाही तर काहीच नाही. देणाऱ्यावर मनाविरुद्ध कर्ज होत नाही.

सगळ्यात धाडसी आहे तो शेवटचा तुकडा : मी आल्यावर वर्गण्या नकोत. पौल चांगला वक्ता होता की नव्हता यावर करिंथकरांचंच एकमत नव्हतं, पण तो समोर उभा राहिला असता, यरुशलेमच्या विधवांचं वर्णन केलं असतं, तर डोळे पाणावले असते आणि थैली भरली असती. तो ती संधी आधीच नाकारतो. आपली भेट, आपलं भाषण, त्या दिवसाचा भारावलेपणा हे सगळं त्यानं देण्यापासून वेगळं काढलं. देण्याचा दिवस साधा, घरातला, कुणी न पाहणारा. पैसे नेण्यासाठी माणसंही त्यांनीच निवडायची. तो पत्रं देऊन त्यांना पाठवील, आणि योग्य वाटलं तर स्वतः बरोबर जाईल.

नाताळच्या दानाला मी कमी लेखत नाही. त्या दिवसांत गाणी, प्रकाश, येशूच्या गरीब जन्माची आठवण हे सगळं मिळून माणसाचा हात सैल होतो, आणि तो व्हावाच. पण पौलानं निधीचं घर त्या भावनेत बांधलं नाही. त्यानं ते रविवारी बांधलं, जो वर्षातून बावन्न वेळा येतो.

अडलं कुठं

सूचना स्पष्ट, हौस दांडगी. अखया, म्हणजे करिंथ ज्यात होतं तो प्रांत, मागच्या वर्षापासून तयार आहे, असं पौल उत्तरेकडल्या मासेदोनियाच्या मंडळ्यांना अभिमानानं सांगत होता, आणि करिंथच्या उत्साहानं तिकडं पुष्कळांना चेतवलंही. पण दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय वाचला की कळतं, करिंथमध्ये काम थांबलेलं होतं. तुम्ही मागच्या वर्षी करायला आणि करण्याची इच्छा धरायला पहिल्यांदा आरंभ केलात, आता ते पुरंही करा, असं त्याला सांगावं लागतं.

इथं उदारपणावरचा खणखणीत उपदेश यायला हवा होता, निदान आम्ही असतो तर तोच दिला असता. पण मधल्या काळात काय झालं ते पाहिलं की चित्र बदलतं. पौलानं करिंथला एक भेट दिली होती जी दोघांनाही दुःखाची ठरली. त्यानंतर त्यानं अश्रू ढाळत एक कठोर पत्र लिहिलं. मंडळीतल्या कुणीतरी त्याला दुखावलं होतं. बाहेरून आलेले दुसरे उपदेशक त्याच्या प्रेषितपणावर शंका घेत होते. आणि या सगळ्यात पैशाचा संशय मिसळलेला होता. पौल करिंथकरांकडून स्वतःच्या पोटासाठी काही घेत नसे, तंबू शिवण्याच्या धंद्यावर राहत असे. मासेदोनियाच्या भावांकडून मात्र त्यानं मदत स्वीकारली होती. हे करिंथकरांना खटकलं. आमच्याकडून घेत नाही, म्हणजे आमच्यावर प्रेम नाही? की स्वतः हात वर ठेवून दुसऱ्यांकरवी आम्हाला लुबाडतो? मी कावेबाज होतो आणि तुम्हाला कपटानं धरलं असं म्हणता का, माझा सहकारी तीत यानं तुमच्याकडून काही लाभ उठवला का, असे प्रश्न तो त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात विचारतो. या पत्राचे शेवटचे चार अध्याय मुळात वेगळ्या वेळी लिहिले गेले असावेत असं पुष्कळ अभ्यासक मानतात, त्यामुळं घटनांचा क्रम काटेकोर लावता येत नाही. पण संशय होता, आणि तो निधीच्या भोवती फिरत होता, एवढं पत्रावरून उघड दिसतं.

माझं म्हणणं असं : करिंथची थैली कंजूषपणानं बंद झाली नाही. ती विश्वास तुटल्यानं बंद झाली. ज्या माणसाच्या हातून पैसे जाणार त्याच्याशी बोलणं बंद असेल तर दर रविवारी बाजूला काढायला हात जड होतो. माणसं तोंडानं ते कधीच म्हणत नाहीत. ती म्हणतात, सध्या जरा ओढ आहे, पुढच्या महिन्यात पाहू. समितीच्या वहीतून हे कारण दिसत नाही, म्हणून आम्ही मनाच्या कोतेपणावर सगळं ढकललं. प्रत्यक्षात आमच्याकडंही एका वर्षी नाताळच्या निधीतून कोणाला किती गेलं यावरून दोन घरांत कुजबुज झाली होती. आम्ही ती कुजबुज मोडून काढण्याऐवजी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. पुढच्या वर्षी त्या दोन्ही घरांची नावं वहीत नव्हती, आणि आम्ही त्यांच्याविषयी वाईट बोललो. मला याचं आजही दुःख आहे.

दुरुस्ती

पौलानं आधी माणसांशी समेट केला, मग निधीचा विषय काढला. दुसऱ्या पत्राचे पहिले सात अध्याय बहुतेक याच कामात गेले आहेत. तीत करिंथहून चांगली बातमी घेऊन परत आला, तुम्ही माझ्यासाठी तळमळता हे ऐकून मला फार आनंद झाला, असं सातव्या अध्यायात येतं. निधी येतो तो आठव्यात. हा क्रम उलटा करून पाहिला तर पत्र तिथंच फाडून टाकलं गेलं असतं असं वाटतं.

मग तो हुकूम देत नाही, आणि हुकूम देत नाही हे सांगतोही. तो मासेदोनियाची गोष्ट सांगतो : संकटाची कठीण परीक्षा आणि कमालीचं दारिद्र्य असूनही त्यांनी ऐपतीपलीकडं दिलं, आणि पवित्र जनांच्या, म्हणजे यरुशलेममधल्या विश्वासणाऱ्यांच्या, सेवेत आम्हालाही वाटा द्या म्हणून मागं लागले. गरिबांनी देण्याची परवानगी मागितली! फिलिप्पै आणि थेस्सलनीकेच्या त्या माणसांना कुणीतरी समंजसपणे म्हणालं असणार की राहू दे, तुमचंच तुम्हाला पुरत नाही. आम्हीही ज्यांना मदत देतो त्यांच्याकडून कधी काही मागत नाही, आणि त्यामुळं ती माणसं कायमची घेणाऱ्यांच्या यादीत राहतात.

याच ठिकाणी मी जरा थबकतो. पौल मासेदोनियाला करिंथचं कौतुक सांगतो आणि करिंथला मासेदोनियाचं. माझ्याबरोबर मासेदोनियाचे लोक आले आणि तुम्ही तयार नसलात तर आम्हाला, तुमचं तर सोडाच, लाज वाटेल, असंही लिहितो. तुलनेचं हे हत्यार दुधारी आहे. आपल्या हाती ते पडलं की त्याचा फार लवकर टोमणा होतो. पौलालाही हे जाणवत असावं, कारण लगेच तो स्वतःच्या दाबाला बांध घालतो : हे देणगीसारखं तयार असावं, उकळल्यासारखं नको. प्रत्येकानं मनात ठरवल्याप्रमाणं द्यावं, कुरकुरत किंवा जबरदस्तीनं नको, कारण संतोषानं देणारा देवाला प्रिय आहे. तो संतोष दाखवणाऱ्या ग्रीक शब्दात, हिलारोस, प्रसन्न चेहऱ्याची छटा आहे.

शब्दांचीच गोष्ट निघाली तर आणखी एक. या दोन अध्यायांत पौल निधीबद्दलच बोलतो, पण पैशाला सरळ पैसा म्हणणारा शब्द त्यात एकदाही नाही. त्याऐवजी खारिस, म्हणजे कृपा, हा शब्द दहा वेळा येतो : देवानं मासेदोनियाच्या मंडळ्यांना दिलेली कृपा, करिंथकरांनी पुरं करायचं कृपेचं काम, धनवान असून तुमच्यासाठी दरिद्री झालेल्या प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, आणि अगदी शेवटी देवाची स्तुती म्हणताना ‘धन्यवाद’ या अर्थानंही तोच शब्द. देवाकडून माणसाकडं, माणसाकडून माणसाकडं आणि पुन्हा देवाकडं असा एकच प्रवाह तो दाखवतो. देणारा या प्रवाहाचा उगम नसतो. म्हणून त्याला मिरवायला जागा उरत नाही, आणि घेणाऱ्याला मान खाली घालायचं कारण उरत नाही.

हे आणखी स्पष्ट होतं ते समानतेच्या वाक्यात. इतरांना आराम आणि तुम्हाला त्रास व्हावा असं मी म्हणत नाही, असं पौल लिहितो. आज तुमच्या विपुलतेतून त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची. आणि तो रानात इस्राएल लोकांना देवाकडून मिळालेल्या मान्ना या अन्नाची ओळ आणतो : ज्यानं पुष्कळ गोळा केलं त्याला जास्त झालं नाही, ज्यानं थोडं गोळा केलं त्याला कमी पडलं नाही. ही ओळ निर्गम या पुस्तकातली. तिथं त्याच अध्यायात, दोनच वचनं पुढं, काहींनी सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्नात किडे पडतात. पौल ते लिहीत नाही. पण ज्यांना तो अध्याय पाठ होता त्यांना ते आठवलं असेल.

मग व्यवस्था. पौल तीताला पाठवतो, आणि त्याच्याबरोबर दोन भाऊ : एक सुवार्तेच्या कामासाठी सगळ्या मंडळ्यांत नावाजलेला आणि या प्रवासासाठी मंडळ्यांनीच नेमलेला, दुसरा अनेकदा कसाला लागलेला. दोघांची नावं पत्रात नाहीत. कारण मात्र तो उघडपणे देतो. या मोठ्या देणगीच्या कामात कुणी आम्हाला दोष लावू नये म्हणून, केवळ प्रभूच्या दृष्टीनं नव्हे तर माणसांच्याही दृष्टीनं जे चांगलं तेच करायची आम्ही काळजी घेतो. ‘देवाला माहीत आहे’ हे वाक्य मदतीच्या हिशेबात मी फार वेळा ऐकलंय, स्वतःही म्हटलंय. पौलाला देवाला माहीत असणं पुरेसं वाटलं नाही. ज्याच्यावर लबाडीचा आळ येत होता त्यानं आळावर रागावण्याआधी पैशाजवळ तीन माणसं उभी केली.

पोचवणी

करिंथकरांनी दिलं. रोमकरांना लिहिताना पौल सांगतो की मासेदोनिया आणि अखया यांना यरुशलेममधल्या गोरगरिबांसाठी वर्गणी करणं बरं वाटलं, आणि तो पुढं म्हणतो की ते त्यांचे ऋणीही आहेत : आत्मिक गोष्टींत भागी झाल्यावर देहाच्या गोष्टींत सेवा करणं त्यांचं कर्तव्य आहे. हे पत्र बहुधा करिंथमध्येच, त्यानं ग्रीस देशात काढलेल्या तीन महिन्यांत लिहिलेलं आहे. किंख्रियाची फिबी त्यात आहे, पुष्कळांना मदत करणारी म्हणून. किती जमलं ते कुठंही लिहिलेलं नाही. मला ही गाळलेली रक्कम आवडते.

पण त्याच पत्रात एक भीती आहे. यहूदियातल्या विरोधकांपासून मी वाचावं, आणि यरुशलेमसाठी माझी सेवा पवित्र जनांना मान्य व्हावी, यासाठी प्रार्थना करा, असं तो विनवतो. दिलेलं घेतलं जाईल का, याची धास्ती देणाऱ्याला! परजातीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, मंडळ्यांकडून आलेला पैसा यरुशलेमला चालेल का, हा प्रश्न खरा होता. मदत नाकारण्याचा हक्क घेणाऱ्याला असतो, हे पौलानं गृहीत धरलं होतं.

प्रवासात त्याच्याबरोबर बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकेचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आणि आसियातले तुखिक आणि त्रफिम होते. यादीत करिंथचं नाव नाही. त्यावरून काही जण तर्क लढवतात. मी रोमकरांस पत्रातल्या अखयाच्या नावावर विसंबतो. कैसरियात अगब पुन्हा भेटतो, तोच अगब ज्यानं पहिला दुष्काळ सांगितला होता. या वेळी तो पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो, की हा ज्याचा आहे त्याला यरुशलेमात असंच बांधतील. गरिबांची आठवण सुरू झाली तिथं हा माणूस उभा होता, आणि ती पोचवण्याची किंमत सांगायलाही तोच आला. पौल गेला, आणि पकडला गेला. पैसे हातात दिल्याचा प्रसंग कृत्यांत कुठं वर्णिलेला नाही. फेलिक्स सुभेदारासमोर तो एवढंच म्हणतो की पुष्कळ वर्षांनी मी माझ्या लोकांना दानधर्म करायला आणि अर्पणं करायला आलो.

आठवड्याचा पहिला दिवस मात्र राहिला. शंभरेक वर्षांनी, १५५ च्या सुमाराला, जस्टिन हा ख्रिस्ती लेखक रोमच्या सम्राटाला ख्रिस्ती लोकांची बाजू समजावून सांगताना लिहितो की सूर्याच्या दिवशी सगळे एकत्र जमतात, ज्यांच्याकडं आहे ते स्वेच्छेनं देतात, आणि जमलेलं अध्यक्षाकडं ठेवलं जातं. तो अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले आणि परके या सर्वांची काळजी घेतो. १९७ च्या सुमाराला उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन महिन्याच्या पेटीबद्दल सांगतो, ज्याला वाटेल आणि जमेल त्यानंच टाकायचं, आणि ते गरिबांच्या अन्नाला आणि त्यांना माती द्यायला, म्हाताऱ्या नोकरांना, जहाज फुटलेल्यांना जातं. २५१ मध्ये रोमचा बिशप कर्नेलियस लिहितो की त्याची मंडळी पंधराशेहून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते. एवढी माणसं वर्षातल्या एका सणावर जगू शकत नाहीत.

आमच्या वहीकडं परत

हे प्रकरण मी समितीसमोर मांडलं ते अशाच एका जानेवारीत. सुरुवातीला सगळ्यांना आठवड्याच्या पाकिटाची कल्पना पटली, कारण ती करायला सोपी होती. छापून आणायची, वाटायची. एका वयस्क भगिनींनी हात वर केला आणि विचारलं, पाकिटं ठीक आहेत, पण पौलानं तीताला का पाठवलं ते आपण आत्ताच वाचलं ना? मागच्या नाताळात जे जमलं ते कुणाला गेलं, हे आपण मंडळीला सांगितलंय का?

आम्ही सांगितलं नव्हतं. ज्यांना मदत गेली त्यांची नावं लपवायची म्हणून आम्ही आकडेही लपवले होते, आणि ही दोन वेगळी कामं आहेत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. नावं न घेता हिशेब मांडता येतो : एवढं जमलं, एवढं औषधांना, एवढं फीला, एवढं शिल्लक. त्या भगिनींनीच तो लिहून काढायचं मान्य केलं. समितीबाहेरच्या दोघांनी तो तपासायचा असं ठरलं, आणि त्या दोघांपैकी एकासाठी आम्ही कुजबुज झालेल्या घरातल्या मोठ्या भावांकडं गेलो. ते दारातच बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, वह्या घेऊन या.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी, उपासना संपल्यावर, तो हिशेब त्यांनी उभं राहून वाचला.